उमापूरच्या विहिरीची मिसल

१

फाल्गुन वद्य पंचमीला, दिवस कासराभर वर आला असताना, उमापूरचे बबनराव आपल्याच विहिरीत मेलेले सापडले. डोक्याला मागून कुदळीचा घाव होता.

विहीर सामाईक होती. निम्मी बबनरावांची, निम्मी शेजारच्या आश्रुबाची. तीन दिवस याने मोट हाकायची, तीन दिवस त्याने. आदल्या साली पाळीवरून दोघांची बाचाबाची झाली होती आणि ती सगळ्या गावाने ऐकली होती. त्यामुळे पोलिसांच्या अमीनसाहेबांना फार शोधावं लागलं नाही. त्याच दिवशी सांजेला आश्रुबाला धरलं आणि ज्येष्ठात खालच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली.

श्रावणातल्या एका सकाळी आश्रुबाची बायको मंजुळाबाई बीडला बद्रीनाथराव वकिलांच्या ओट्यावर येऊन बसली. मांडीवर फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता.

बद्रीनाथराव फक्त अपिलं चालवत. बावीस वर्षांत त्यांनी एकाही साक्षीदाराला प्रश्न विचारला नव्हता, एकही खुनाची जागा पाहिली नव्हती. खालच्या कोर्टात जो हरला तोच त्यांच्याकडे यायचा. जिंकलेला माणूस त्या ओट्यावर कधी चढला नाही. बीडच्या बाजारात त्यांना 'हरलेल्यांचा वकील' म्हणत, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे.

"आधीचा वकील कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"त्यानं अपील लावलं अन् मंग हात झाडले. म्हनला, डोळ्यानं बघितलेला साक्षीदार हाय, ह्यात काय राम न्हाई." मंजुळाबाईने गठ्ठा पुढे सरकवला. "हैद्राबादची तारीख बारा दिसांवर आलीय. साहेब, माझ्या मालकानं मुंगी मारली न्हाई."

"असं सगळ्यांच्याच बायका म्हणतात."

"मंग सगळ्यांच्याच खोट्या असतील. मी न्हाई."

आत जाजमावर बसलेले मुन्शी उत्तरेश्वर हसले. पन्नाशीचा माणूस, वीस वर्षं वकिलांच्या पदरी, जिभेला हाड नाही. "घ्या वकीलसाहेब," ते म्हणाले. "ही बाई हैद्राबादच्या जज्जाला पन गप करील."

बद्रीनाथरावांनी गठ्ठा सोडला. कोर्टाच्या शिक्क्याची ती मिसल होती, म्हणजे खटल्याचे सगळे कागद एका दोऱ्यात ओवलेले. सगळं उर्दूत. त्यांनी शेवटचं पान आधी उघडलं, कारण ते कायम फैसल्यापासून मागे वाचत जात. फैसल्यात एक वाक्य होतं, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

'आरोपी म्हणतो की मयताने त्याला आपल्या पाळीचं पाणी आपणहून दिलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी शहाणा माणूस आपलं पाणी दुसऱ्याला देत नाही. हे उघड खोटं आहे.'

"मंजुळाबाई, बबनरावांनी खरंच पाणी दिलं होतं?"

"दिलतं ना. आदल्या सांजेला दारात येऊन सांगून गेले. उद्यापसून तीन दिस तुझं पानी म्हनले."

"का दिलं?"

मंजुळाबाईने मान हलवली. "आमी इचारलं न्हाई. दिलं म्हनून घेतलं."

बद्रीनाथरावांनी मिसल मिटली. आश्रुबाच्या एका शब्दावर खालचं कोर्ट हसलं होतं. वरच्या कोर्टात तो शब्द खरा ठरवायचा होता, आणि त्याला आधार म्हणून हातात काहीही नव्हतं.

२

बद्रीनाथरावांची एक रीत होती. मिसल हाती आली की ते ती पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचत, उर्दूचं मराठी करत. ऐकायला त्यांची बायको सुंदरबाई बसायची. ती शाळेत गेलेली नव्हती. शेंगा सोलत, वाती वळत ऐकायची आणि मध्येच विचारायची, "मग तो माणूस जेवला कधी?" किंवा "त्या घराला मागचं दार होतं का?" बावीस वर्षांत निम्मी अपिलं त्या प्रश्नांवर निघाली होती.

सुंदरबाई माघात वारली. तेव्हापासून ते एकटेच वाचत. आवाज भिंतीला लागून परत यायचा.

या वेळी त्यांनी उत्तरेश्वरांना समोर बसवलं आणि वाचायला घेतलं.

पहिली साक्ष सुग्रीवची, बबनरावांच्या चुलत भावाची. 'मी पहाटेपासून बबनरावांची मोट हाकत होतो. बबनराव पाटाजवळ उभे होते. दिवस उगवल्यावर आश्रुबा आला. पाळी माझी आहे म्हणून भांडू लागला. त्याने कुदळ उचलून बबनरावांना मागून मारली आणि विहिरीत ढकललं. मी ओरडत गावाकडे पळालो.'

दुसरी साक्ष दगडाबाईची. ती शेळ्या राखणारी म्हातारी. 'अंधुक उजेड होता. सुग्रीव विहिरीकडे जाताना दिसला. एकटाच होता, खांद्यावर घोंगडी. मी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. नंतर तो ओरडत परत आला.' तिच्यामुळे सुग्रीव पहाटे विहिरीवर होता हे सरकारने शाबीत केलं होतं.

मग आश्रुबाचा जबाब. 'पाणी मला मिळालं होतं, पण माझा एक बैल लंगडत होता. म्हणून मी पहाटेच मेहुण्याच्या गावाला बैल मागायला गेलतो. सांजेला परत आलो तर वेशीतच मला धरलं.' मेहुणा म्हणाला खरं आहे. कोर्ट म्हणालं, मेहुणा घरचा.

शेवटी अमीनसाहेबांचा पंचनामा. 'उमापूरलाच मुक्काम असल्याने खबर मिळताच निघालो व घटकेत पोहोचलो. विहिरीच्या थारोळ्यात पाणी नसल्याने घोडा पाजायला ओढ्यावर पाठवला. जागेवर मिळालेल्या चिजा: कुदळ एक, रक्त लागलेली. मोटेचा नाडा एक, गुंडाळलेला. तेलाचा बुधला एक, निम्मा भरलेला. मोट एक, निंबाच्या फांदीला टांगलेली. हात लावला असता हात तेलाने माखला. पागोटं एक, मयताचं. पंच म्हणून उमापूरचे पाटील विठ्ठलराव यांची सही.'

बद्रीनाथरावांनी वर पाहिलं. उत्तरेश्वर भिंतीला टेकून घोरत होते.

"उत्तरेश्वर!"

"ऐकतोय की. घोडा म्हनला तुमी."

"घोडा गेला चरायला." बद्रीनाथरावांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "गाडी सांगा. उमापूरला जाऊ."

उत्तरेश्वर सावरून बसले. "अपिलाचा वकील गावाला? आन काय करनार तिथं? नवा साक्षीदार तर हैद्राबादला चालत न्हाई."

"साक्षीदार नको. ऐकणारं माणूस पाहिजे. ज्या गावात हे घडलं तिथे ही मिसल वाचून दाखवायची. जे लिहिलंय ते त्या गावाने अजून ऐकलेलंच नाही."

३

उमापूरला पाटील विठ्ठलरावांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि मिसल वाचायचं म्हणताच हात आडवा केला.

"चावडीत वाचायची न्हाई. गाव आत्ताशी कुठं शांत झालंय."

"पाटील, पंचनाम्यावर तुमची सही आहे. त्यात काय लिहिलंय, माहीत आहे?"

"अमीनसाहेबानं उर्दूत लिहिलं. म्हनले, इथं कर. मी केली." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "वाचता येत असतं तर मी पाटील कशाला झालो असतो? अमीनच झालो असतो."

"आणि सुग्रीवने कोर्टात काय सांगितलं?"

"ते कसं कळनार? एकाची साक्ष चालली की बाकीच्यांला भायेर बसवत्यात. आमी झाडाखाली बसलतो दिसभर."

उत्तरेश्वरांनी हळूच विचारलं, "बबनरावाच्या जाण्यानं तुमचं काय नुकसान झालं का, पाटील?"

पाटील कडवट आवाजात म्हणाले, "माझं? बबनरावाला मूलबाळ न्हाई. माझं धाकटं पोर दत्तक घ्यायचं पाडव्याला ठरलतं. पंचमीला ते मेले. आता बोला, माझं नुकसान किती?"

पाडवा पंचमीनंतर दहा-अकरा दिवसांवर होता. बद्रीनाथरावांनी ते मनात ठेवलं. बबनराव जगावेत असं वाटणारा गावात एक माणूस तरी होता.

वेशीबाहेर दगडाबाई शेळ्या घेऊन निघालेली भेटली. तिला फारसं ऐकू येत नव्हतं, पण डोळे घारीचे होते.

"मावशी, सुग्रीव त्या सकाळी एकटाच होता?"

"एकटाच. मी दोनदा सांगू का? म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले. खुळ्यावानी चाललाता, हातात काय न्हाई, संगं कुनी न्हाई."

"त्याने ओ दिली नाही?"

"न्हाई. एरवी लई गोड बोलतो मुडदा."

सुग्रीव स्वतःच त्यांना शोधत आला. तिशीचा, अंगाने भरलेला, डोक्याला बबनरावांचंच असावं असं जरीचं पागोटं. पाया पडला, ताक मागवलं, आणि हसत म्हणाला, "वकीलसाहेब, मिसल घेऊन गावात फिरताव म्हनं. माझी साक्ष मीच दिली, मला काय वाचून दावता?"

"तुम्हाला नाही. ज्यांनी ऐकली नाही त्यांना."

"कावून पन? फैसला झालाय."

"फैसला झाल्यावरच माझं काम सुरू होतं."

सुग्रीवचं हसू तसंच राहिलं, पण ताकाचा पेला त्याने खाली ठेवला. "एक सांगतो, राग मानू नका. वैनीच्या दारात जाऊ नका. ती दुखात हाय. तिला अजून तरास द्याल तर बरं व्हनार न्हाई."

तो गेल्यावर उत्तरेश्वर म्हणाले, "धमकी दिली की बे यानं."

"दिली. आणि कुठे जायचं तेही सांगून गेला."

४

बबनरावांची बायको भिवराबाई दाराआडून बोलली. दार बोटभर उघडं होतं.

"माझ्या धन्याला मारनाऱ्याचा वकील तुमी. माझ्या दारात पाय ठेवू नका."

"नाही ठेवत. ओट्याखालीच बसतो." बद्रीनाथराव खरोखरच खाली मातीत बसले. "बाई, मी तुम्हाला एकही प्रश्न विचारणार नाही. तुमचे मालक कसे गेले, त्याबद्दल कोर्टात काय लिहिलंय, ते तुम्ही ऐकलंय का?"

दार तसंच बोटभर उघडं राहिलं.

बद्रीनाथराव पुढे बोलले, आणि ते वकिलासारखं बोलत नव्हते. "माझी मंडळी माघात गेली. शेवटच्या घटकेला मी औषध आणायला गेलो होतो. वैद्य जवळ होते. ती काय बोलली ते त्यांनी ऐकलं, मी नाही ऐकलं. मी अजून त्यांच्याकडे जातो आणि विचारतो, ती काय म्हणाली, परत सांगा. ते बिचारे परत सांगतात. माणूस गेल्यावर तेवढंच आपलं असतं, बाई. तुमचं ते या कागदात आहे आणि तुम्हाला कोणी वाचून दाखवलेलं नाही."

दार वीतभर उघडलं.

"वाचा," भिवराबाई म्हणाली.

त्यांनी सुग्रीवची साक्ष उघडली. सावकाश वाचू लागले. 'मी पहाटेपासून बबनरावांची मोट हाकत होतो. बबनराव पाटाजवळ उभे—'

"थांबा."

बद्रीनाथराव थांबले.

"कुनाची मोट?"

"तुमचीच."

"आमची मोट तेलात व्हती."

उत्तरेश्वर उभे होते ते खाली बसले.

"मोट नवी केलती," भिवराबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती आता खटल्याबद्दल नव्हे, घरातल्या कामाबद्दल बोलत होती. "नव्या कातड्याला तीन दिस करडीचं तेल पाजून सावलीला टांगावं लागतंय, न्हाईतर पान्यात जाऊन फाटतंय. आदल्या दिशी पहिला हात दिला. त्या पहाटं दुसरा हात द्यायला गेले. बुधला मीच भरून दिला. म्हनून तर पाळी आश्रुबाला दिलती, तीन दिस आपली मोट बंद म्हनून."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?"

"मला कुनी इचारलं? मी सुतकात. भावजीनं येऊन सांगितलं, आश्रुबानं मारलं. मी मानलं. मोट हाकत व्हतो हे मला त्यो कधी बोलला न्हाई." ती थांबली. "आन बैल? बैल तर माझ्या गोठ्यात व्हते. कडबा मी टाकला."

दाराआड हुंदका आला आणि तिथेच दाबला गेला. बद्रीनाथरावांना वर बघायचं धाडस झालं नाही.

"धन्यामागं सगळं भावजीचं," भिवराबाई हळू म्हणाली. "दत्तक झालं असतं तर न्हाई."

गल्लीच्या टोकाला सुग्रीव उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

५

गाडी शहागडच्या वाटेला लागली तेव्हा उत्तरेश्वर मांडी ठोकून म्हणाले, "जितलो बे! गाडीवान, हाक जोरात!"

"हरलोय अजून," बद्रीनाथराव म्हणाले.

"आता काय ऱ्हायलं? बाईला गाडीत घालू, हैद्राबादला उभी करू."

"वरचं कोर्ट साक्ष घेत नाही. खालच्या कोर्टापुढे जे कागद होते तेवढेच बघतं. बाईसाठी अर्ज केला तर खटला परत खाली येईल, वर्ष जाईल. आश्रुबा तुरुंगात. आणि बाई सुग्रीवच्या गावात. ती काय बोलणार हे त्याला कळल्यावर ती वर्षभर जगेल, याची हमी तुम्ही देता?"

उत्तरेश्वरांनी गाडीवानाला हळू हाकायची खूण केली.

निघण्याआधी बद्रीनाथरावांनी तेवढी सोय केली होती. पाटलांच्या बायकोने भिवराबाईला आपल्या घरी नेलं होतं. पण ती सोय महिनाभराची, वर्षाची नव्हे.

खरं काय ते त्यांना कळलं होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एरवी त्यांच्याजवळ कागद असायचा आणि सत्य शोधावं लागायचं. आज सत्य होतं, आणि त्याला कागद हवा होता.

गाडीत हादरे बसत होते. त्यांनी मिसल मांडीवर घेतली आणि भिवराबाईच्या कानांनी वाचायला सुरुवात केली. जिला मोट म्हणजे काय ते माहीत आहे, तिला यातलं कोणतं वाक्य टोचेल? सुग्रीवची साक्ष झाली. दगडाबाईची झाली. पंचनामा आला.

ते वाचता वाचता थांबले. परत वाचलं. मग मिसलीवर हात ठेवून समोर बघत राहिले.

"उत्तरेश्वर, विहिरीत बुडवून वर काढलेल्या मोटेला हात लावला तर हाताला काय लागेल?"

"पानी लागंल. अजून काय, अत्तर?"

"आणि मोट रिकामी होते त्या दगडी हौदात, थारोळ्यात, पहाटेपासून मोट चालली तर काय असेल?"

"पानीच की. वकीलसाहेब, ऊन लागलं का तुमाला?"

बद्रीनाथराव हसले. माघानंतर ते पहिल्यांदा असे हसले असावेत, कारण उत्तरेश्वर घाबरून त्यांच्याकडे बघू लागले.

"गाडीवान," बद्रीनाथराव म्हणाले, "आता हाक जोरात. जालन्याची आगगाडी चुकायला नको."

६

हैदराबादच्या वरच्या अदालतीत दोन जज्ज बसले होते. थोरले दाढी पांढरी झालेले, धाकटे विलायतेहून शिकून आलेले. सरकारी वकिलांनी बसल्या बसल्याच सांगितलं की डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे आणि अपिलात वेळ घालवण्यासारखं काही नाही.

थोरले जज्ज म्हणाले, "वकीलसाहेब, आपण घटनेच्या गावी जाऊन आलात असं ऐकतो. नवा पुरावा आणला असेल तर तो आम्ही पाहणार नाही."

"एक शब्दही नवा नाही, हुजूर," बद्रीनाथराव म्हणाले. "मी आरोपीचा जबाब वाचणार नाही. त्याच्या मेहुण्याची साक्षही वाचणार नाही. फक्त सरकारचे तीन कागद वाचतो. तिन्ही सरकारने दिलेले, तिन्ही सरकार खरे मानतं."

सरकारी वकील हसले. "वाचा, वाचा."

"पहिला कागद, सुग्रीवची साक्ष. पहाटेपासून तो बबनरावांची मोट हाकत होता. खून होईपर्यंत. मोट चालायला मोट लागते, बैल लागतात, आणि ती चालली की थारोळ्यात पाणी पडतं. एवढं तर मान्य?"

"मान्य," धाकटे जज्ज म्हणाले.

"दुसरा कागद, अमीनसाहेबांचा पंचनामा. खुनानंतर थोड्याच वेळाने केलेला. विहिरीवर मोट एकच. झाडाला टांगलेली. अमीनसाहेबांनी हात लावला. हाताला काय लागलं?" त्यांनी मिसल पुढे केली. "हुजूरांनी स्वतः वाचावं."

थोरल्या जज्जांनी चष्मा सावरला. ओठ हलवत वाचलं. मग मोठ्याने म्हणाले, "तेल."

"पाण्याचा थेंब नाही, हुजूर. तेल. पाण्यातून निघालेली मोट ओली असते, याला साक्षीदार लागत नाही."

सरकारी वकील उठले. "खुनानंतर कोणी मोट वर काढून टांगली असेल."

"टांगल्याने पाण्याचं तेल होत नाही. आणि कोणी टांगली? तिथे सुग्रीवशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे भाऊ विहिरीत पडला, खुनी समोर कुदळ घेऊन उभा, आणि या माणसाने आधी मोट सोडली, पुसली, तेल लावलं, फांदीला टांगली, नाडा गुंडाळून ठेवला, बैल सोडून घरी नेऊन बांधले, कारण पंचनाम्यात बैल नाहीत. बैल काही बुधल्यामागे लपणारी चीज नव्हे. आणि एवढं आटोपल्यावर तो ओरडत गावाकडे पळाला?"

कोर्टात कोणीतरी हसलं. चपराशाने डोळे वटारले.

"थारोळ्याचं काय?" धाकट्या जज्जांनी विचारलं. ते आता पुढे वाकून बसले होते.

"त्याची साक्ष अमीनसाहेबांच्या घोड्याने दिली आहे. घोडा तहानला होता. विहीर समोर असून त्याला ओढ्यावर पाठवावं लागलं, कारण थारोळ्यात पाणी नव्हतं. पहाटेपासून मोट चाललेल्या विहिरीवर घोडा तहानलेला राहतो का, हुजूर? तो जनावर आहे, त्याला कोणी शिकवून आणलेलं नाही."

थोरल्या जज्जांनी दाढीत हसू लपवलं. "तिसरा कागद?"

"दगडाबाई. तिने सुग्रीवला विहिरीकडे जाताना पाहिलं. एकटा. बैल नाहीत. मोट हाकायला निघालेला माणूस बैलांशिवाय जात नाही, जसा वकील मिसलीशिवाय कोर्टात येत नाही. पण तिने पाहिलं होतं, म्हणून सुग्रीवला तिथे असण्याचं कारण सांगणं भाग होतं. विहिरीवर शेतकरी काय करतो? मोट हाकतो. हे त्याने कोर्टात सांगितलं. ज्यांनी मोट टांगलेली पाहिली ते पंच तेव्हा बाहेर झाडाखाली बसले होते. आत ज्यांनी ऐकलं, त्यांनी कधी मोट हाकली नव्हती. ज्याला कळत होतं त्याने ऐकलं नाही, ज्याने ऐकलं त्याला कळलं नाही."

"आणि पाळीचं भांडण?" सरकारी वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मोट तेल लावून टांगली होती, म्हणजे बबनरावांचं पाणी त्या दिवसांत बंद होतं. खालचं कोर्ट म्हणतं, शहाणा माणूस उन्हाळ्यात पाणी देत नाही. पण ज्याची मोटच बंद आहे त्याने पाणी विहिरीत ठेवून करायचं काय? त्याने ते शेजाऱ्याला दिलं. आश्रुबा म्हणाला तेच. जे पाणी आधीच मिळालेलं आहे, त्यासाठी माणूस खून करत नाही."

ते खाली बसले. 

दोन्ही जज्ज एकमेकांकडे झुकून कुजबुजले. मग थोरल्यांनी लेखणी उचलली आणि सरकारी वकिलांकडे पाहिलं.

"आपल्याला काही म्हणायचं आहे?"

सरकारी वकिलांनी पंचनामा पुन्हा एकदा पाहिला. तो उलटून पाठीमागची बाजूही पाहिली. मग म्हणाले, "नाही, हुजूर."

७

फैसला तिथेच झाला. आश्रुबा निर्दोष. सुग्रीव खोटं बोलला, आणि खुनाच्या वेळी विहिरीवर असलेला दुसरा माणूस तोच, म्हणून त्याच्याविरुद्ध नव्याने तपास करावा असा हुकूम. त्या नव्या खटल्यात भिवराबाईचा शब्द चालणार होता. सुग्रीवला हे कळताच तो पैठणच्या बाजूने गोदावरी ओलांडायला निघाला. नावेत बसण्याआधी पाटलांच्या माणसांनी धरला. भिवराबाई पुढे कोर्टात उभी राहिली आणि तिने एकदाही पदर डोळ्याला लावला नाही.

पण ते नंतर. हुकूम घेऊन बद्रीनाथराव बीडला परतले त्या दिवशी तुरुंगाच्या दारात उमापूरच्या पाच गाड्या उभ्या होत्या. पाटील विठ्ठलराव होते, मंजुळाबाई होती, आणि दगडाबाई, जी आयुष्यात पहिल्यांदा बीड बघत होती आणि तिला ते आवडलं नव्हतं.

आश्रुबा बाहेर आला. सहा महिन्यांत हाडं वर आली होती. उन्हात डोळे बारीक करून तो गर्दीकडे बघत राहिला.

"असे कावून उभे राहिलाव?" मंजुळाबाई म्हणाली. "पाय मोडले का?"

"खरंच सोडलं का गं?"

"मंग काय जेलर तुमाला जेवायला बोलवतोय?"

लोक हसले. आश्रुबा हसला नाही. तो बद्रीनाथरावांसमोर येऊन उभा राहिला. "साहेब, त्या कोर्टात माझ्याबद्दल दिसभर बोलत व्हते. मला येक अक्षर कळलं न्हाई. आता काय लिहिलंय?"

बद्रीनाथरावांनी फैसला काढला. तुरुंगाच्या दारातच, पाच गाड्या भरून आलेल्या गावासमोर, त्यांनी तो मराठीत वाचला. मोटेचं आलं तेव्हा पाटलांनी कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या सहीखाली एवढं व्हतं?" घोड्याचं आलं तेव्हा उत्तरेश्वर, ज्यांनी ते दहादा ऐकलं होतं, पुन्हा खदखदून हसले. मग शेवटची ओळ आली.

'उमापूरचा आश्रुबा याने हा खून केला नाही. तो खरं बोलत होता.'

बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजल्या.

"पुन्यांदा वाचा की," आश्रुबा म्हणाला.

बद्रीनाथरावांनी पुन्हा वाचलं, या वेळी आणखी मोठ्याने.